‘टच’चा कर्ता कोण?

दलित साहित्यावर मराठीत जे परीक्षण-लेखन झाले आणि अजून होते आहे, त्यात एक विशेषण इतक्या वेळा आले आहे की ते आता कोणाला खटकतही नाही. ते विशेषण म्हणजे ‘हृदयस्पर्शी’. आत्मकथन आले की ते हृदयस्पर्शी असते. कविता आली की ती दाहक असते, आणि दाहक नसेल तर हृदयस्पर्शी असते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर, पीएच.डी.च्या प्रबंधात, सत्काराच्या भाषणात आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हा शब्द सारख्याच सहजतेने वावरतो. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके ‘स्पर्श’ या एका क्रियेवरून माणसांतून उठवले, त्या समाजाच्या साहित्याची सर्वांत मोठी स्तुती ‘स्पर्शी’ या शब्दाने व्हावी, यात विचार करण्यासारखे काही आहे की नाही? माझ्या मते आहे. ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द संस्कृत घडणीचा असला, तरी आजच्या समीक्षेत तो जे काम करतो ते इंग्रजीतील ‘टचिंग’चे काम आहे. म्हणून या प्रश्नाकडे मी ‘टच’ या इंग्रजी क्रियापदाच्या वाटेने जाणार आहे.

मी मीरा-भाईंदरमधील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. इंग्रजी शब्द मला वारशाने मिळाले नाहीत; शब्दकोशातून एकेक उचलून घ्यावे लागले. माझ्या वर्गात आगरी-कोळी घरांतली मुले आहेत, उत्तनच्या ख्रिस्ती वस्तीतली आहेत, उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून, गुजरातेतून आलेल्या कुटुंबांतली आहेत आणि मराठवाड्या-विदर्भातून पोटासाठी इकडे आलेल्या आपल्या माणसांचीही आहेत. या सर्वांच्या तोंडी ‘टच’ हा शब्द मराठी होऊन बसला आहे. मोबाइलचा टच गेला, सर टचमध्ये राहा, नाटकाला फायनल टच दिला, टचवुड सगळे ठीक आहे. लहानपणी शाळेत त्यांना ‘गुड टच, बॅड टच’ शिकवलेले असते. इतक्या ओळखीच्या शब्दाबद्दल शिकवण्यासारखे काय उरते, असे त्यांना वाटते. मला मात्र वाटते की आपल्या दृष्टीने इंग्रजीत याच्याइतके शिकण्यासारखे क्रियापद दुसरे नाही, कारण जगाच्या पाठीवर आपले इंग्रजी नाव याच क्रियापदापासून तयार केले गेले.

इंग्रजी शब्दकोशात ‘टच’खाली अर्थांची मोठी रांग लागलेली असते. हात लावणे हा पहिला अर्थ. मग टेकणे, भिडणे; एखाद्या विषयाला ओझरते हात घालणे; अन्नाला किंवा दारूला न शिवणे; एखाद्याची बरोबरी करणे; मन हेलावून सोडणे; एखाद्याशी संबंध असणे, त्याच्या हिताला लागणे; कोणाकडून पैसे उकळणे; आणि सोने कसोटीला लावणे. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ ज्या लोकलॅटिन शब्दात सांगतात त्याचा अर्थ ‘ठोकणे’, ‘आघात करणे’ असा आहे. म्हणजे या हळुवार वाटणाऱ्या क्रियापदाच्या तळाशी प्रहार आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ इंग्लंडच्या इतिहासात आहे. राजाच्या हाताच्या स्पर्शाने गंडमाळ बरी होते अशी तिथे आणि फ्रान्समध्ये श्रद्धा होती. ज्या सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा नामांकित कोश प्रसिद्ध केला, त्याला अडीच वर्षांचा असताना, १७१२ साली, त्याच्या आईने लंडनला नेऊन राणी अ‍ॅनचा स्पर्श घडवून आणला होता. त्या वेळी मिळालेले सोन्याचे नाणे तो पुढे गळ्यात घालीत असे. रोग काही गेला नाही. पण समजूत पाहा : तिथे वरच्याच्या स्पर्शाने खालचा शुद्ध होतो, आपल्याकडे खालच्याच्या स्पर्शाने वरचा बाटतो. तिथला वरचा बलवान, इथला वरचा इतका नाजूक की सावलीनेही तडकतो! दोन्ही समजुती खोट्या. परंतु तिथली खोटी समजूत निदान आजाऱ्याला जवळ बोलावते. इथली निरोग्याला गावाबाहेर घालवते.

आता व्याकरणाकडे येऊ. इंग्रजीत ‘दोन रेषा टच करतात’ या अर्थाचे वाक्य कर्माशिवाय होते. दोघी मिळून कर्ता असतात. भूमितीत वर्तुळाला जी रेषा एकाच बिंदूत भेटते तिला आपण स्पर्शिका म्हणतो. पण रेषा वर्तुळाला टेकली त्या क्षणी वर्तुळही रेषेला टेकलेले असते. स्पर्श ही क्रिया निसर्गाने परस्पर ठेवली आहे. ‘अ’ने ‘ब’ला स्पर्श केला आणि ‘ब’चा ‘अ’ला झाला नाही, असे घडू शकत नाही. मग दोन माणसे रस्त्यात एकमेकांवर आदळली तर एकच ‘शिवणारा’ आणि दुसरा ‘विटाळलेला’ कसा ठरतो? हा निवाडा निसर्गाचा नाही, समाजाचा आहे. आणि तो भाषेत नोंदवलेला आहे.

मराठीतले ‘शिवणे’ घ्या. या एकाच रूपात दोन क्रियापदे राहतात. एक सुई-दोऱ्याचे, संस्कृत ‘सीव्’पासून आलेले. दुसरे स्पर्शाचे, हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘स्पृश्’ऐवजी येणारे ‘छिव’ हे रूप सांगितले आहे, ते याचे मूळ. हिंदीतले ‘छूना’ त्याचेच भावंड. आता ही दोन्ही भूतकाळात चालवून पाहा. ‘शिंप्याने सदरा शिवला, चोळी शिवली’ : येथे क्रियापद सदऱ्याप्रमाणे, चोळीप्रमाणे बदलते, म्हणजे कर्माकडे पाहते. हा कर्मणी प्रयोग. ‘पिंडाला कावळा शिवला, ती मला शिवली’ : येथे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. हा कर्तरी प्रयोग. शिवणकामात मराठी विचारते, काय तयार झाले? स्पर्शात मराठी विचारते, कोण होता तो? ही व्याकरणाची एक सवय आहे. व्याकरणाने कट केला असे मी म्हणत नाही. पण समाजाला ती फार सोयीची पडली. ‘शिवला’ म्हणताच बोट कर्त्याकडे जाते, आणि गावकुसाबाहेरचा माणूस ज्या थोड्या वाक्यांचा कर्ता होऊ शकत होता त्यांतले हे एक होते.

याच क्रियापदाचे बाकीचे वापरही असेच बोलके आहेत. कावळा पिंडाला शिवला तर मृताला गती मिळाली असे मानतात. तोच कावळा बाईला ‘शिवला’ म्हटले तर ती चार दिवस बाजूला बसते. कावळा तोच, क्रियापद तेच. पिंडाचे पुण्य, बाईचा विटाळ. चोखोबा आणि सोयराबाई या दांपत्याने चौदाव्या शतकात आपल्या अभंगांतून विटाळाला जो जाब विचारला, त्यात जातीचा आणि देहाचा असे दोन्ही प्रश्न एकत्र आले ते उगाच नव्हे. आणि तरीही हेच मराठी क्रियापद दुसऱ्या अंगाने फार सुंदर आहे. ‘भीती त्याला शिवत नाही’, ‘असा विचार माझ्या मनाला शिवला नाही’. म्हणजे विचारही शिवतो. हे वाक्य आपण पुढे वापरणार आहोत.

आपल्या नावाकडे वळू. ‘अस्पृश्य’ आणि ‘अनटचेबल’ या दोन्ही शब्दांची घडण सारखी आहे. ज्याला स्पर्श करू नये तो अस्पृश्य. ज्याला टच करता येत नाही तो अनटचेबल. दोन्हींत आपण कर्म आहोत. स्पर्श करायचा की नाही हे ठरवणारा कर्ता कोणीतरी दुसरा आहे आणि शब्दात तो लपलेला आहे. थोडक्यात, नाव ठेवताना आम्ही कर्म आणि आरोप ठेवताना आम्ही कर्ता! हा भाषेतला दुटप्पीपणा प्रथम कोणी उघड केला असेल तर तो बाबासाहेबांनी. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी हिंदू समाजाची खरी विभागणी ‘टचेबल हिंदू’ आणि ‘अनटचेबल हिंदू’ अशी मांडली. यातला दुसरा शब्द इतरही वापरीत. पहिला शब्द वर्गाचे नाव म्हणून समोर ठेवणे ही मोठी गोष्ट होती. जे स्वतःला नुसते ‘हिंदू’ म्हणवीत होते त्यांनाही नाव मिळाले. लपलेला कर्ता वाक्यात आला. पुढे १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला : जन्म, मृत्यू, रजोदर्शन यांचा विटाळ जगातल्या अनेक समाजांत होता, पण तो काही काळाने फिटत असे, न फिटणारा, वंशपरंपरेने चालणारा विटाळ ही वेगळीच वस्तू आहे. ‘स्पर्श’ या एका शब्दाखाली हे दोन अर्थ एकत्र बांधून टाकणाऱ्यांना ते उत्तर होते.

हा अर्थाचा प्रश्न संविधान सभेतही आला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम चर्चेला आले, तेच आजचे १७ वे कलम. त्यात शब्दाची व्याख्या नाही, असे नझिरुद्दीन अहमद आणि के. टी. शहा यांनी दाखवून दिले. स्त्रियांनाही ठरावीक काळात शिवत नाहीत, मग तीही यात येते काय, अशी शंका निघाली. बाबासाहेबांनी नझिरुद्दीन अहमद यांची दुरुस्ती स्वीकारली नाही. व्याख्या दिली गेली नाही. मात्र कलमाच्या इंग्रजी मजकुरात हा शब्द अवतरणचिन्हांत ठेवलेला आहे. पुढे म्हैसूर उच्च न्यायालयाने देवराजय्या विरुद्ध पद्मण्णा या खटल्यात त्या चिन्हांचा अर्थ लावला : येथे शब्दाचा शब्दशः किंवा व्याकरणातला अर्थ घ्यायचा नाही, या देशात इतिहासक्रमाने जी प्रथा वाढली तिचा अर्थ घ्यायचा. १९५५ च्या कायद्यानेही व्याख्या केली नाही, आणि १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले तेव्हाही केली नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून एक धडा घ्यावा. शब्दाचा अर्थ कोशात नसतो. तो ज्यांच्यावर वापरला गेला त्यांच्या इतिहासात असतो.

हाच धडा हातात घेऊन तीन कलाकृतींकडे पाहू.

मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही कादंबरी १९३५ सालची. बाखा हा भंगी तरुण जिलेबी घेऊन रस्त्याने चालला असता एका सवर्णाशी त्याची टक्कर होते. दोन शरीरे एकमेकांवर आली. परंतु गर्दीच्या भाषेत कर्ता एकच : बाखा. आणि मग काय होते? विटाळलेला तो माणूस बाखाच्या थोबाडीत मारतो. जिलेबी धुळीत पडते. येथे थांबून विचारले पाहिजे की ज्याच्या स्पर्शाने धर्म बुडाला त्याला मारण्यासाठी पुन्हा हात लावताना धर्म कुठे गेला? देवळातला पुजारी बाखाच्या बहिणीवर हात टाकतो आणि ती ओरडताच आपणच विटाळ झाल्याची बोंब ठोकतो. म्हणजे अस्पृश्य कधीच ‘स्पर्श न करण्याजोगा’ नव्हता. मारण्यासाठी, भोगण्यासाठी, राबवण्यासाठी तो सदैव स्पृश्य होता. बंदी स्पर्शाला नव्हती. बंदी आमच्या कर्तेपणाला होती. ‘टच’च्या मुळाशी असलेला ‘ठोकणे’ हा जुना अर्थ आमच्या बाबतीत कधी जुना झालाच नाही. आनंद यांनी हे दाखवले, हे त्यांचे श्रेय आहे. पण कादंबरीच्या शेवटी बाखापुढे जी उत्तरे येतात, ती मिशनरी, गांधीजी आणि फ्लशचा संडास ही आहेत. कर्ता बदलण्याचे जे उत्तर १९२७ साली महाडला दिले गेले होते, ते त्यांत नाही. वाचकाचे मन भरून येते आणि बाखा घरी जातो.

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा त्याच नावाच्या १९६३ च्या संग्रहातली. तिचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि जात लपवून राहतो. आमच्या भाईंदरवरून जी गाडी खाडी ओलांडून उत्तरेकडे जाते, त्याच वाटेवरची ही गोष्ट आहे. जात कळत नाही तोवर सहकारी त्याला घरी बोलावतात, त्याच्या विद्वत्तेचे कौतुक करतात. जात कळताच तेच हात त्याच्यावर तुटून पडतात. बागुलांनी येथे एकाच माणसाच्या अंगावर ‘टच’चे दोन अर्थ एकामागून एक उमटवून दाखवले : जवळीक आणि प्रहार. शरीर बदलले नाही, हात बदलले नाहीत, बदलली फक्त माहिती. ही कथा वाचून नुसते गहिवरणे मला शक्य होत नाही, कारण ती माझ्या भावनेला हात घालण्याआधी माझ्या शेजाऱ्याच्या हाताकडे पाहायला लावते.

बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) आणखी बारीक नजर आहे. महारणी ब्राह्मणाच्या दारी जळणाचे फाटे विकायला नेतात. मोळी रचण्यापूर्वी त्यांना बजावले जाते की तुमच्या लुगड्याचा दोरा, डोक्याचा केस लाकडाला राहिलेला नाही ना ते नीट पाहा. लाकूड चालते, लाकूड तोडणारे, वाहणारे कष्ट चालतात. दोरा चालत नाही. ‘शिवणे’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ त्या एका दोऱ्यात येऊन बसले आहेत. जो दोरा कापड जोडतो तोच इथे माणसे तोडण्याचे कारण होतो. बेबीताई हे सांगताना अश्रू काढत बसत नाहीत. त्या बाईच्या हातात लाकूड कोणाचे, चूल कोणाची आणि भीती कोणाची, हे हिशेबाने मांडतात.

आता महाड. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागे हजारो माणसे चवदार तळ्यात उतरली आणि पाणी प्याली. या कृतीत कोणी कोणाच्या अंगाला हात लावला नाही. स्पर्श झाला तो पाण्याला. पण प्रथमच या क्रियापदाचे कर्ते आम्ही स्वतःच्या इच्छेने आणि एकत्रितपणे झालो; आरोपी म्हणून नव्हे, हक्कदार म्हणून. समोरच्यांना ते इतके झोंबले की त्यांनी शेण-गोमूत्राचे घडे ओतून तळे ‘शुद्ध’ केले. नंतर दहा वर्षे खटला चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागला. मराठी साहित्यात स्पर्शाचा इतिहास लिहायचा झाला तर तो हृदयापासून नव्हे, त्या तळ्याच्या पायरीपासून सुरू करावा लागेल.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आज मुंबईच्या उपनगरात कोण शिवाशिव पाळतो? सकाळी भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये आडनाव विचारून कोणी कोणाला रेटत नाही, हे खरे. भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांत स्टीलची भांडी घासून चकचकीत करणारे हात कोणाचे, हे ती भांडी घेणारा विचारीत नाही, हेही खरे. पण त्याच गाडीतून उतरून भाड्याची खोली शोधायला निघा. दलाल प्रथम आडनाव विचारतो, मग ‘व्हेज की नॉनव्हेज’ विचारतो. मलाही विचारले गेले आहे. ‘तुम्ही शिवू नका’ असे आता कोणी म्हणत नाही. म्हणतात, ‘सोसायटीला चालत नाही’. या वाक्याकडे नीट पाहा. कोणाला चालत नाही? अध्यक्षाला, सचिवाला, मालकाला? कोणालाच नाही, सोसायटीला! पूर्वी विटाळाच्या वाक्याला निदान एक कर्ता असे, भले तो आरोपी म्हणून आम्हीच असू. आता वाक्यातून क्रियापदही गेले आणि कर्ताही गेला, अर्थ मात्र शाबूत राहिला. २०१५ साली आमच्या महापालिकेने पर्युषण काळात आठ दिवस मांसविक्रीवर बंदी घातली तेव्हा सगळीकडे चर्चा झाली. परंतु इमारतीच्या दारात वर्षभर चालणारी न लिहिलेली बंदी चर्चेत येत नाही, कारण तिला पकडता येईल असे वाक्यच कोणी उच्चारीत नाही.

जुलै २०२५ मध्ये मीरा रोडचे नाव मराठीच्या प्रश्नावरून राज्यभर गाजले. मराठी बोलण्याच्या वादातून एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी बंद पाळला, मग ८ जुलैला मराठी माणसांचा मोर्चा निघाला. मराठीचा मान राहिला पाहिजे यात मला शंका नाही; मी त्या भाषेत लिहितो आहे. पण मराठी वाचवायची तर तिच्यातली शिवाशिवही तपासली पाहिजे. शाळेत शिकवतात की ‘क’पासून ‘म’पर्यंतची पंचवीस व्यंजने ही ‘स्पर्श’ व्यंजने. जिभेने टाळूला, दाताला, किंवा ओठाने ओठाला शिवल्याखेरीज ती उच्चारता येत नाहीत. ‘अस्पृश्य’ हा शब्द उच्चारायलाही ‘प’साठी ओठाला ओठ लावावा लागतो. जी भाषा स्पर्शावर उभी आहे ती बोलणाऱ्यांनी स्पर्शाचा विटाळ मानावा, यापरता भाषेचा अपमान कोणता?

आता समीक्षेकडे परत येतो. ‘टच’च्या अर्थांत एक अर्थ कसोटीचा आहे. सोनार सोने काळ्या दगडावर घासून कस पाहतो. त्या दगडाला इंग्रजीत ‘टचस्टोन’ म्हणतात. मॅथ्यू अर्नोल्डने १८८० साली हा शब्द काव्यसमीक्षेत रूढ केला : होमर, दान्ते, शेक्सपिअर, मिल्टन यांच्या थोर ओळी मनाशी ठेवाव्यात आणि इतर काव्य त्यांवर घासून पाहावे. आपल्याकडे दलित साहित्य आले तेव्हा त्यालाही असेच घासून पाहिले गेले. दगड प्रस्थापितांचा होता. त्यावर नीट उमटले नाही तेव्हा म्हटले गेले की यात कलात्मकता उणी आहे, पण अनुभव मात्र हृदयस्पर्शी आहे. म्हणजे कसोटीचा ‘टच’ नाकारायचा आणि त्याची भरपाई म्हणून कनवाळूपणाचा ‘टच’ द्यायचा. बागुलांनी, शरणकुमार लिंबाळे यांनी वेगळ्या सौंदर्यशास्त्राचा आग्रह धरला तो यासाठीच. त्यांच्या म्हणण्याला मी एवढीच पुस्ती जोडीन की कसोटीवर सोने घासताना दगडावरही रेघ उमटते. जो समीक्षक आपल्यावर रेघ उमटू देत नाही त्याने कस पाहिला असे म्हणता येणार नाही.

‘हृदयस्पर्शी’ या शब्दाचा दोष इथेच आहे. त्यात साहित्य कर्ता असते आणि वाचकाचे हृदय कर्म, असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात वाचक आपल्या शरीरातला एकच अवयव पुढे करतो. हृदयाला हात लावा. स्वयंपाकघराला नको, भाड्याच्या खोलीला नको, मुलीच्या लग्नाला नको. अश्रू येतात, पुसले जातात, आणि सोवळे मोडत नाही. हा सोवळ्यातला स्पर्श आहे.

वर्गात एकदा मी भाषांतरासाठी एक साधे इंग्रजी वाक्य दिले : ‘द स्टोरी टच्ड मी’. मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीने लिहिले, ‘ती गोष्ट मला शिवली’. वर्ग हसला. मी तिला ते वाक्य फळ्यावर लिहायला सांगितले. ‘विचार मनाला शिवला नाही’ असे आपण म्हणतो, तर गोष्ट का शिवू नये? भाषांतर म्हणून ते नेहमीचे नाही, पण दलित साहित्याच्या समीक्षेला त्याहून नेमके क्रियापद मला आजवर सापडलेले नाही. गोष्ट ‘हृदयाला स्पर्श करते’ तेव्हा वाचक होता तिथेच राहतो. गोष्ट ‘शिवते’ तेव्हा त्याचे सोवळे मोडते. मग त्याच्यापुढे दोनच मार्ग राहतात : आंघोळ करून पूर्ववत होणे, किंवा सोवळेच टाकून देणे. बागुलांची कथा शिवते. बेबीताईंचा दोरा शिवतो. १९७२ चा ‘गोलपिठा’ शिवला, म्हणून तर तेव्हा अनेकांना आंघोळीची घाई झाली.

आणि ‘शिवणे’च्या दुसऱ्या अर्थालाही आपण पारखे होऊ नये. जोडण्यासाठी टोचावे लागते. सुई कापडातून आरपार गेल्याशिवाय टाका पडत नाही. न टोचता जोडू पाहणारी समरसतेची भाषा म्हणूनच कच्ची असते, पहिल्या ताणाला उसवते.

तेव्हा शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. परीक्षण लिहिताना, प्रबंध तपासताना, आपल्याच लेखकाचा सत्कार करताना ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द लेखणीच्या टोकाशी आला की तो तिथेच अडवावा आणि तीन प्रश्न विचारावेत. या पुस्तकात शिवणारा कोण आहे? ज्याला शिवले त्याचे काय मोडले? आणि पुस्तक मिटल्यावर त्याने आंघोळ केली की नाही? उत्तरे मिळतील तेवढीच लिहावीत. परीक्षण चार ओळींनी आखूड झाले तरी चालेल.